सड्याच्या नोंदी: दगडाखालचे आणि गवतातले
(गोव्याच्या पेडणे तालुक्यातील एका सड्यावरील, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावरील, सरपटणारे प्राणी व कीटक, प्रकल्प वही)

२६ मे २०२४

गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत आमच्या सड्याला अर्धे पान मिळाले आहे, आणि त्यातल्याही बहुतेक ओळी काजू, करवंदे, जांभळे यांनी अडवल्या आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या रकान्यात ‘साप, सरडे, पाली’. कीटकांच्या रकान्यात ‘फुलपाखरे व इतर’. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीला समिती आणि वही लागू केली. वही मात्र मुदत टळू नये म्हणून भरली गेली, हे पानापानावर दिसते. पंचायतीने ‘टीचर, तुम्हीच करा’ म्हणून सड्याचे काम माझ्या गळ्यात घातले. उच्च माध्यमिकची मुले आहेत, कॉलेजात गेलेले दोन जुने विद्यार्थी आहेत आणि गावात साप निघाला की ज्याचा फोन वाजतो तो एक जण आहे. त्याला या वहीत ‘सर्पमित्र’ एवढेच म्हणेन.

सड्याचे नाव आणि सर्व्हे नंबर इथे कुठेही येणार नाही. घोरपडीच्या मागावर असलेले लोकही मोबाईल वाचतात. आय-नॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो चढवतानाही ठिकाण धूसर ठेवायचे, असे ठरले.

जमिनीचा वन-फोर्टीनचा उतारा काढून आणला. लागवडीखालचे सगळे रकाने कोरे आणि आकडा ‘पोटखराब’समोर. सरकारी कागदाला सडा एवढाच दिसतो. आत्ता मे महिन्यात वर जाऊन पाहिले तर कागद खरा वाटावा असेच दृश्य आहे. काळा पडलेला जांभा, फटींतून उभे वाळके गवत, चप्पल घातली तरी तळपाय भाजेल असे ऊन. कोणी हलवलेले नाहीत असे सुटे दगड मात्र जागोजाग आहेत, आणि आमचे अर्धे काम त्या दगडांखाली आहे.

दगडांचा नियम पहिल्याच दिवशी घालून दिला. दगड हाताने नाही, आकड्याने उचलायचा, आणि तोही पलीकडची कड आपल्याकडे उचलून, म्हणजे खाली जे असेल त्याला पलीकडे पळायला वाट राहते. पाहून झाले की होता तसाच, त्याच खाचेत परत ठेवायचा. जांभ्याचा दगड वर्षानुवर्षे एका जागी बसला की त्याच्याखाली ओल धरते, मुंग्या येतात, मग मुंग्यांना खाणारे येतात. उलटा टाकला की हे सगळे एका दुपारच्या उन्हात संपते. फोटोच्या हौसेने दगड उलटत जाणारे, आणि हल्ली दगडांचे मनोरे रचून रील काढणारे, दोघेही मला एकाच माळेचे मणी वाटतात.

गोव्यातली मोठी अभयारण्ये, म्हणजे म्हादई, मोले, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव, सगळी सह्याद्रीच्या बाजूला, रानात. किनाऱ्याकडचे आणि मधल्या पट्ट्यातले सडे जवळजवळ सगळे त्याबाहेर राहिले. मोपचा सडा विमानतळाला गेला. त्या वादात ५० हजारांवर झाडे जाणार हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. गवताचा आणि दगडांचा हिशोब कोणी मागितल्याचे मला आठवत नाही.

८ जून

मृग लागला आणि काल रात्री जोराची सर आली. संध्याकाळी सड्याच्या कडेच्या वारुळातून पंखवाली वाळवी निघाली. मुलांनी पहिल्यांदाच हे वारुळाशी उकिडवे बसून पाहिले. आधी तोंडाशी शिपाई वाळव्या येऊन उभ्या राहतात, मग भेगेतून धूर निघावा तशा पंखवाल्या बाहेर पडतात. दहा-पंधरा मिनिटांत पाहुणे जमले. बेडूक ओळीने बसले होते आणि त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यांतून पंख बाहेर लोंबत होते. एक पाल दगडावरून उतरायलाच तयार नव्हती, जे वर येईल तेच खात होती. वर वटवाघळे. सड्यावरच्या सरपटणाऱ्यांचे वर्ष खऱ्या अर्थाने या एका जेवणावळीपासून सुरू होते, कारण उन्हाळाभर अंगावरची चरबी जाळून झालेली असते.

वारुळाला इकडे रोयण म्हणतात आणि सातेरीच्या रूपाने ते देवळात पुजले जाते. त्यामुळे गावात रोयणीवर सहसा कोणी कुदळ घालत नाही. अळंब्यांच्या दिवसांत मात्र ही भीड गळून पडते. रोयणीवरची अळंबी म्हणजे वाळवीने केलेली शेती: ती पालापाचोळा, गवत आत नेते, त्यावर बुरशी वाढवते, आणि पावसात त्या बुरशीची छत्री जमिनीबाहेर येते. वारूळ मेले की ती अळंबीही गेली, दुसरीकडे लावून येत नाही. पानाच्या पुड्यातल्या त्या मूठभर अळंब्यांना रस्त्यावर जो भाव मिळतो तो पाहता, कोणी उकरले तर मला नवल वाटत नाही, पण गप्पही बसवत नाही. कीटकांच्या रकान्यात वाळवीचे नाव सगळ्यात वर घातले आहे. घोरपड कधी कधी अंडीही वारुळातच घालते.

मृगाचे किडे सापडले, लाल मखमली. एका मुलीने पाय मोजून आठ भरवले आणि कीटकांच्या यादीतून स्वतःच काढून टाकले. बरोबर आहे, तो कोळ्यांचा भाऊबंद. लहानपणी तो नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून जगतो, म्हणून नोंद मात्र ठेवली.

२३ जून

खळगी भरली. जांभ्याच्या पृष्ठभागावर ताटाएवढ्यापासून खोलीएवढ्यापर्यंत डबकी झाली आहेत, कुठलेच गुडघ्याच्या वर नाही. या डबक्यांत मासे नाहीत आणि हीच त्यांची सगळी किंमत. ग्लोब स्किमर हा पिवळसर चतुर पावसाबरोबर येतो तो अशाच पाण्याच्या शोधात. मादी उडता उडता शेपटीचे टोक पाण्याला टेकवत जाते आणि अंडी सोडते. पिल्लू पाण्यात वाढते, साधारण दीड महिन्यात पंख फुटून बाहेर. मासे असलेल्या तळ्यात त्याचा पाड लागत नाही. आटून जाण्याआधी वाढून मोकळे व्हायचे, या बोलीवरच ते इथे येते.

आज सड्यावर कोणी पर्यटक काळी चकचकीत गाडी घेऊन थेट वर आले होते. चतुराच्या दोन माद्या तिच्या बॉनेटवर शेपट्या टेकवत होत्या. पाण्यावरून आणि गुळगुळीत रंगावरून परतणारा प्रकाश त्यांना सारखाच भासतो. मुले हसली, मग गाडीच्या चाकांनी चिरडलेल्या डबक्याची कड पाहून गप्प झाली. त्या मंडळींना ‘गाडी खाली लावा’ म्हटले तर उत्तर आले, ‘इथे तर काहीच नाही.’

पहिले फुरसे मिळाले. पसरट दगडाखाली, वीतभर, आकड्यात आकडा घालून बसलेले. दगड उचलताच ते हलले नाही, नुसते जागच्या जागी अंग अंगावर घासायला लागले. तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखा चर्रर्र आवाज. बाजूचे खवले तिरके आणि करवतीसारखे असतात, त्यांचा तो आवाज. डोक्यावर बाणासारखी खूण, पाठीवर फिकट ठिपक्यांची रांग. सर्पमित्राने सांगितले म्हणून सगळे दोन पावले मागे गेलो आणि त्याने दगड परत ठेवला.

कोकणात फुरशांवर ब्रिटिश अमदानीत इनाम होते. रत्नागिरी जिल्ह्यात लोक ती मारून कचेरीत आणून देत. एवढे करूनही फुरसे संपले नाही. ज्याला काठीने संपवता आले नाही ते चिरे काढणाऱ्या मशीनने संपेल अशी भीती वाटते. कारण त्याला लागतो तो दगड, आणि मशीन दगडच उचलून नेते.

चावलेच तर काय, हे मुलांकडून पाठ करून घेतले. चिरायचे नाही, करकचून बांधायचे नाही, चोखायचे नाही, तडक आरोग्य केंद्रात जायचे. फुरशाचे विष रक्त गोठू देत नाही. दवाखान्यात साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर विष भिनले असे धरून प्रतिविष देतात. हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. सड्याच्या उतारावर रान सुरू होते तिथला नाकाड्या चापडा मात्र या चौघांत बसत नाही. त्या बाजूला संध्याकाळनंतर जायचे नाही, असा नियम त्यासाठीच आहे.

५ जुलै

वनमहोत्सव. शाळेची रांग, पंचायतीचे बॅनर, टेम्पोभर रोपे, आणि जागा कोणती, तर सडा. ‘उघडाबोडका आहे, हिरवा करूया.’

मी आधी दोन दिवस सरपंचांकडे जाऊन बसले होते. त्यांचे म्हणणे साधे होते: रोपे आली आहेत, लावायची जागा सरकारी हवी, गावात मोकळी सरकारी जागा हीच. मी म्हटले, जिथे झाड आपणहून येत नाही तिथे ते का येत नाही ते आधी पाहूया. जांभ्यावर मातीचा थर बोटभर. पहारीने खड्डा पाडला तर पावसाळाभर त्यात पाणी साचून मुळे कुजतात आणि जानेवारीत तोच खड्डा भट्टी होतो. शिवाय जे झाड तग धरेल ते आणखी वाईट. मागच्या पिढीत सड्यांवर अकेशिया लावला, तो तगला. त्याच्या सावलीत आणि जाड पाचोळ्याखाली गवत उरले नाही, आणि गवताबरोबर नाकतोडे, गवतावर अंडी घालणारी लहान फुलपाखरे, उन्हात अंग शेकणारे सरडे सगळेच हटले. पलीकडच्या वाडीच्या वर जाऊन कोणीही बघावे.

सरपंच ऐकून घेतात, हे त्यांचे मोठेपण. पण बॅनर छापून झाला होता. शेवटी तडजोड अशी की कडेच्या, माती असलेल्या पट्ट्यात लावायचे आणि मधल्या कातळाला हात लावायचा नाही. प्रत्यक्षात पाहुणे यायच्या आधीच फोटोसाठी मध्यभागी काही खड्डे पाडलेले निघाले. त्यांतली रोपे वहीत नकाशावर खुणा करून ठेवली आहेत.

पर्यावरणाच्या कामात झाडाविरुद्ध बोलावे लागणे यासारखे अवघड काही नाही. चिऱ्यांच्या ट्रकवाल्याशी भांडताना गाव पाठीशी असते. रोप हातात घेतलेल्या सहावीच्या पोरासमोर मी एकटीच खलनायिका.

९ ऑगस्ट

नागपंचमी. सकाळपासून सर्पमित्राला फोनवर फोन. आजच्या दिवशी साप मारायचा नाही म्हणून निदान फोन तरी येतो, असे त्याचे म्हणणे. एक नानेटी, एक धामण, आणि एका अंगणातून ‘हिरवा विषारी’. तो निघाला गवत्या: पोपटी-हिरवा, कंगोरेदार खवल्यांचा, हातात घेतला तर अंग पसरट करून धमकावणारा. माणसाला धोका नाही. पावसाळ्यात तो सड्यावरच असतो, बेडकांमागे. पिल्लांच्या मानेवर काळी खूण आणि पिवळा पट्टा असतो, त्यामुळे लोक त्याला भलतेच काही समजून मारतात. दुपारी सड्याच्या ओल्या गवतात त्याला सोडले तेव्हा दोन पावलांवर तो दिसेनासा झाला.

या महिन्यात पावसाने उसंतच दिली नाही. कागद भिजतात म्हणून नोंदी मोबाईलवर बोलून ठेवतोय, घरी येऊन उतरवतो.

२५ ऑगस्ट

सडा फुलला. पांढरे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवे, मध्ये मध्ये दवबिंदू. आसवांच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. दवबिंदूच्या चिकट केसांवर चिलटे अडकतात. मातीत नत्र नाही, म्हणून झाडे कीटक खातात, आणि त्याच झाडांची फुले लहान मधमाश्यांच्या भरवशावर बी धरतात. निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला लटकून अंग थरथरवते, तो आवाज मोबाईलवर नीट आला आहे.

ग्लिफोक्लोआ नावाच्या गवताचे नमुने एका मुलाने चिकटवून आणले. हे गवत भारताच्या दक्षिण अर्ध्याबाहेर कुठेच नाही आणि त्याची एक जात गोव्याच्या नावाने ओळखली जाते. आमची जात कोणती ते वनस्पतिशास्त्रवाले ठरवतील.

९ सप्टेंबर

चवथीचा तिसरा दिवस. वाड्यावर आरतीला गेलो होतो, पण ही नोंद घोरपडीची आहे.

घुमट हे वाद्य वाजवणारे आबा पंच्याहत्तरीचे. आरती संपल्यावर त्यांच्या शेजारी बसून विचारले की तुमच्या तरुणपणी सड्यावर घोरपडी किती दिसायच्या. त्यांनी आधी इकडे तिकडे पाहिले. मग म्हणाले, ‘बाय, गारीच्या (घोरपडीच्या) चामड्याशिवाय घुमट असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते.’ मातीच्या घटाच्या मोठ्या तोंडावर ते चामडे ओले असताना ताणून बसवायचे, सुकले की टणक होते. मागचे लहान तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत नाद फिरवायचा. एका घुमटाला एक घोरपड. कातडे घुमटाला आणि मांस भांड्यात, काही फुकट जात नसे.

घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. मारली, पकडली, कातडे बाळगले तरी गुन्हा. त्यामुळे घुमट मध्ये काही वर्षे चोरीचा माल असल्यासारखे झाले होते. आता बकऱ्याच्या कातड्याची घुमटे सर्रास होतात आणि सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मानही दिला. आबांच्या हातातलेही बकऱ्याचेच होते. आवाजात फरक? ‘फरक आहे. पण तो मला कळतो, गणपतीला नाही.’ एवढे बोलून ते हसले.

त्यांच्या सांगण्यातून उपयोगी माहिती मिळाली: घोरपडी सड्याच्या पूर्वेच्या घळीत असायच्या आणि पावसाळा सरत आला की वारुळे उकरायच्या. नंतर जोडलेली भर: आठवडाभराने तिथेच ओरखडे सापडले. ताजे, पाच नखांचे, खोल. प्राणी दिसला नाही. मांसासाठी फास लावणारे अजून आहेत. घळीच्या तोंडाशी तारेचा एक फास निघाला, तो काढून वन खात्याच्या कर्मचाऱ्याला दिला. ही नोंद पंचायतीच्या वहीत जाणार नाही, फक्त आमच्याकडे राहील.

६ ऑक्टोबर

डबकी आटत चालली. गवताच्या काड्यांवर चतुरांच्या काती, पाण्यापासून बोटभर वर, पाठीला उभी चीर. मुलांनी डबक्यागणिक काती गोळा करून पाकिटात घातल्या, कारण उडता चतुर कुठून आला ते सांगता येत नाही पण कात म्हणजे तो याच डबक्यात वाढल्याचा दाखला. चाकाने फुटलेल्या त्या डबक्यात एकही मिळाली नाही. पाणी धरलेच नव्हते.

हे चतुर आता जातील. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला होता की गोडे पाणी जवळपास नसलेल्या बेटांवर दर ऑक्टोबरला एवढे चतुर येतात कुठून. २००९ मध्ये त्यांनी मांडले की ते भारतातून वाऱ्यावर निघतात, मालदीववरून पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात आणि त्यांची पुढची पिढी पुन्हा पावसाबरोबर उलट येते. एकूण फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा, अनेक पिढ्यांत मिळून. बारावीच्या मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी त्या गुडघ्याएवढ्या पाण्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले, हे खरे.

रात्री पडदा लावला. पांढरी चादर, मागे दिवा, पतंग येऊन बसतात. ज्या कोपऱ्यात सड्यावरून विमानतळाच्या बाजूचा उजेड दिसत नाही तिथे पतंग भरपूर. उघड्या बाजूला कमी. एका रात्रीवरून निष्कर्ष काढणार नाही, चंद्र, वारा, ओल सगळ्याचा परिणाम असतो. पण मोपला जानेवारी २०२३ मध्ये विमाने सुरू झाल्यापासून त्या दिशेचे आकाश पुरते काळे होत नाही आणि रस्त्याकडेचे जाहिरातींचे दिवे वाढतच आहेत. पुढच्या वर्षी दोन्ही जागी एकाच रात्री पडदे लावायचे आहेत.

१७ नोव्हेंबर

चिरेखाण पुढे सरकली. पावसाळ्यात बंद होती, आता पुन्हा मशीन लागले. मालक कोण, परवाना कशाचा, हे लिहीत नाही. अर्ज केला आहे, उत्तर आले की बघू. खाणीची कड आमच्या दक्षिणेच्या चालपट्ट्याला (ठरलेल्या रेषेत चालत नोंदी घ्यायच्या पट्ट्याला) भिडली आहे. जिथे जूनमध्ये फुरसे मिळाले होते तो दगड आता चिऱ्यांच्या ढिगात असेल किंवा कोणाच्या कुंपणात.

जुन्या खाणीत पाणी साठते, म्हणून ‘बघा, तळे झाले, पाखरे येतात, चतुर येतात’ असा युक्तिवाद ऐकू येतो. चतुर येतात, पण ते वेगळे. भिंती उभ्या कापलेल्या, पाणी बारमाही, कोणीतरी मासे सोडलेले. पावसाळी चतुराला तिथे थारा नाही. बेडूक, कासवे आत पडली की वर चढता येत नाही. मऊ पाठीचे एक कासव आज असेच भिंतीच्या कडेने फिरताना दिसले; दोरीला टोपली बांधून काढले आणि खालच्या शेततळ्यात सोडले. लहान मुले पोहायला उतरतात ती भीती वेगळीच.

सड्याखालच्या झरीचा मुद्दा मात्र गावाला लगेच पटतो. जांभा स्पंजासारखा पाणी पितो आणि उन्हाळ्यात पायथ्याशी सोडतो. खालची कुळागरे, म्हणजे सुपारीच्या बागा, त्या पाण्यावर आहेत. फुरशासाठी कोणी सही करणार नाही, सुपारीसाठी करतील. अर्जात झर वर घेतली आणि साप खाली. हिशोब रोकडा आहे, मला त्यात कमीपणा वाटत नाही.

रत्नागिरीहून एक अभ्यासक येऊन गेले. तिथल्या डोर्ले गावाच्या सड्यावरून १९६३ मध्ये एक पांढऱ्या पट्ट्यांची लहान पाल शास्त्राला कळली. ती असाच सुट्या दगडांचा कातळ धरून राहते आणि धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत ती ‘असुरक्षित’ आहे. आमच्याकडे बराच शोध घेतला, मिळाली नाही. त्यांच्याकडच्या सड्यांना कातळशिल्पांमुळे थोडे बरे दिवस आलेत, असे ते म्हणाले. दगडावर माणसाने काही कोरले असले की दगड वाचतो.

यादीवरून आठवले. आमच्या वहीतल्या कीटकांपैकी फार थोडे त्या लाल यादीत तपासले गेले आहेत, आणि तपासलेल्यांतही बऱ्याच जणांपुढे ‘माहिती अपुरी’. अजगर, घोरपड, कासव यांच्यासाठी कायदा दाखवता येतो. नाकतोड्यासाठी दाखवायला काही नाही, त्याचा कातळ दाखवावा लागतो.

१९ जानेवारी २०२५

ग्रामसभा. आमचा विषय शेवटी, तोवर निम्मे लोक उठून गेले. नोंदवहीची सुधारित पाने वाचून दाखवली. मुलांनी काती, फोटो, आणि नकाशा आणला होता. नकाशाचा परिणाम जास्त झाला: कुठे डबकी, कुठे वारुळे, कुठे झरी, एका कागदावर.

एका पंचाने सौर पॅनेलची कल्पना मांडली, ‘प्रदूषण नाही, आवाज नाही’. विरोधासाठी विरोध नको म्हणून साताऱ्याच्या चाळकेवाडीचे उदाहरण दिले. तिथे पवनचक्क्यांच्या पठारावर अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला: पात्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी झाले, त्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे वाढले, पण ते अंगाने बारीक होते. म्हणजे एक धागा ओढला की दुसरीकडे वीण बदलते, आणि काय बदलेल ते आधी सांगता येत नाही. पॅनेल लावायची तर छपरे आहेत, बंद खाणींची जमीन आहे. यावर वाद झाला नाही. पैसे कोण देणार यावर झाला.

मग एका वयस्क गृहस्थांनी केरीच्या भूतखांब पठाराची आठवण काढली. नायलॉन ६,६ चा कारखाना तिथे येणार होता आणि १९९५ मध्ये आंदोलनात गोळीबार होऊन निलेश नाईक हा तरुण गेला. सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. लोलयेच्या भगवती सड्यावर चित्रनगरी नको म्हणून लोक आत्ताही भांडत आहेत. सडा ओसाड आहे असे गोव्यात तिथे राहणारे सहसा म्हणत नाहीत, ते बाहेरून येणाऱ्या फाईलीत लिहिलेले असते.

ठराव झाला तो असा: सुधारित पाने नोंदवहीत घ्यावीत, वृक्षारोपण यापुढे कातळावर न करता जुन्या खाणीच्या काठावर आणि रस्त्याकडेला करावे, गाड्या सड्याच्या तोंडाशी थांबाव्यात यासाठी दगड लावावेत. चिरेखाणीचा विषय ‘पुढील सभेत’. जुलैत मध्यभागी लावलेली रोपे पाहून घ्या असे सरपंचांनीच सुचवले. बहुतेक वाळली आहेत. खड्डे बुजवायचे काम मुलांनी मागून घेतले.

९ मार्च

सड्याच्या उत्तर टोकाला आग लागून गेली. काजूच्या बागेत पालापाचोळा जाळताना वारा फिरला, असे ऐकले. मार्च २०२३ मध्ये म्हादई परिसरात आगी लागल्या तेव्हा नौदल-हवाईदलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकायला आली होती. सड्याच्या आगीची बातमीही होत नाही, दोन तासांत विझते.

काल मुले जाऊन आली. राखेत मेलेले सरडे मिळाले, एक जळालेली धामण मिळाली. मोठ्या, खोल बसलेल्या दगडांखाली मात्र जीव होते: विंचू, पाल, मुंग्यांची पूर्ण वस्ती अंड्यांसकट. लहान, वरवर ठेवल्यासारख्या दगडांखाली काही उरले नव्हते. पुढच्या पाहणीत दगडाचा आकार आणि जमिनीत तो किती रुतला आहे हे दोन्ही लिहायचे, म्हणजे यावर बोलता येईल.

पूर्वी धनगर मंडळी आणि वाड्यावरची माणसे नोव्हेंबर-डिसेंबरात गवत कापून न्यायची, छपराला आणि गुरांना. आता गुरेच कमी, छपरे कौलाची-स्लॅबची. उभे गवत मार्चपर्यंत तसेच राहते आणि ठिणगीची वाट बघते. गुरे गेली तसे शेणकिडेही गेले: यंदा शेण शोधत फिरावे लागले. ज्या दोन घरांची गुरे वर येतात त्यांना जंताचे औषध कधी देता ते विचारले आहे, कारण काही औषधांचा अंश शेणात उतरतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मरतात.

एप्रिलच्या सभेआधी करायचे: खाणीच्या कडेपासून आमच्या चालपट्ट्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून फोटोसह अर्जाला जोडणे. उत्तरेला दहा हात रुंदीचा गवत-कापणीचा पट्टा नोव्हेंबरात कोण काढणार ते लेखी ठरवणे. मजुरी पंचायतीने द्यावी, असा प्रस्ताव. घळीतल्या ओरखड्यांजवळ वन खात्याकडून कॅमेरा मिळतो का पाहणे. बारावीची मुले परीक्षा झाली की जातील, त्यांच्याकडून वहीचे सगळे पासवर्ड घेऊन ठेवणे.